एकीचा विचार आणि त्याची किंमत

सारी आफ्रिका एक आहे, हा विचार आफ्रिकेत जन्मला नाही. अठराव्या शतकात आजच्या घानाच्या किनाऱ्यावर राहणारा माणूस फांते होता, आतल्या जंगलपट्ट्यातला अशांती होता, पूर्वेला इग्बो आणि योरुबा होते. त्यांच्यात लढाया होत्या, सोयरिकी होत्या, बाजार होते. सगळ्यांना मिळून एक नाव असावं, अशी कुणाला निकड नव्हती.

ती निकड समुद्रापलीकडे निर्माण झाली. सुमारे सव्वा कोटी माणसं अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांत कोंबली गेली आणि त्यांतली जवळपास १८ लाख वाटेतच मेली. घानाच्या किनाऱ्यावरच्या केप कोस्ट किल्ल्यात पुरुष कैद्यांच्या तळघराच्या वर इंग्रजांचं प्रार्थनाघर होतं. खाली माणसं विष्ठेत बसलेली आणि वर रविवारची उपासना चाललेली. तिथून जमैकाला पोचलेल्यांचं नाव मालकाने बदललं. भाषा दोन-तीन पिढ्यांत विरली, कूळ-गाव कुणी सांगेनासं झालं. उरला रंग, आणि आपण कुठून तरी ‘तिकडून’ आलो एवढी आठवण. अशा माणसाने अख्ख्या खंडाला आपलं घर मानलं, तर त्यात नवल नाही. नेमकं घर कुठलं, हे कळायची सोयच उरली नव्हती.

या भावनेला सभेचं रूप आलं ते लंडनमध्ये. जुलै १९०० मध्ये त्रिनिदादचे बॅरिस्टर हेन्री सिल्व्हेस्टर विल्यम्स यांनी पहिली पॅन-आफ्रिकन परिषद भरवली. बर्लिनच्या परिषदेत युरोपीय सत्तांनी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवले, त्याला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. लंडनच्या परिषदेचा सूर मात्र विनवणीचा होता. जगाच्या नावे काढलेल्या आवाहनात अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी गुलामांसाठी झगडलेल्या इंग्रजांची आठवण करून दिली. फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यामागेही सत्ताधाऱ्यांतल्या भल्या माणसांवरचा असाच विश्वास होता. आणि ब्रिटिशांच्या भलेपणाचा हिशेब असा, की गुलामगिरी रद्द करणाऱ्या १८३३ च्या कायद्याने २ कोटी पौंडांची भरपाई मालकांना मिळाली, गुलामांना दमडीही नाही.

मार्कस गार्वी यांनी विनवणी सोडली. जमैकाचा हा छापखान्यातला कामगार न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आला आणि १९१९ मध्ये त्याने जहाज कंपनीच काढली, ब्लॅक स्टार लाइन. शेअर पाच डॉलरचा. मोलकरणींनी, हमालांनी, धोबिणींनी पैसे साठवून तो घेतला. ‘यारमथ’ हे पहिलं जहाज जुनाट होतं आणि अव्वाच्या सव्वा किमतीला गळ्यात मारलेलं. १९२० च्या जानेवारीत व्हिस्की घेऊन क्यूबाला निघालेलं हे जहाज बुडता बुडता वाचलं. १९२२ पर्यंत कंपनी संपली, पुढे गार्वींना तुरुंगवास आणि हद्दपारी. त्यांनी स्वतः आफ्रिकेत कधी पाऊलही ठेवलं नाही. व्यवहार म्हणून हा सगळा फज्जाच. पण घानाच्या झेंड्यावर जो काळा तारा आला, तो या दिवाळखोर कंपनीचा.

विचार घरी पोचला तो मँचेस्टरमार्गे. तिथल्या ऑक्टोबर १९४५ च्या पॅन-आफ्रिकन परिषदेत पुढे घानाचं नेतृत्व करणारे क्वामे एन्क्रुमा, केनियाचे जोमो केन्याटा आणि कामगार संघटनांची माणसं होती. आता मागणी थेट स्वातंत्र्याची होती. ६ मार्च १९५७ ला घाना स्वतंत्र झाला. त्रिनिदादचे जॉर्ज पॅडमोर एन्क्रुमांचे सल्लागार म्हणून आक्राला गेले, नव्वदी ओलांडलेले डुबॉइसही १९६१ मध्ये तिथेच राहायला गेले.

आणि इथेच गाडी अडली. ज्यांच्याकडे सोडायला काही उरलंच नव्हतं, त्यांना एकी फुकट होती. पण नव्या राष्ट्राध्यक्षाकडे झेंडा होता, लष्कर होतं, जकात नाकं होती. मे १९६३ मध्ये अदिस अबाबाला ३२ देश जमले. एन्क्रुमांना खंडाचं एकच सरकार हवं होतं. जुळलं ते फक्त एका संघटनेपुरतं. पुढच्याच वर्षी तिच्या कैरोतल्या बैठकीत ठराव झाला, की स्वातंत्र्याच्या वेळी होत्या त्याच सीमा सर्वांनी मानायच्या. म्हणजे वसाहतवाल्यांनी आखलेल्या रेघांची राखण एकीच्या व्यासपीठाने अंगावर घेतली. सोमालिया आणि मोरोक्को यांना हे मान्य नव्हतं. ठराव मांडणारे टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे संकुचित नव्हते. पूर्व आफ्रिकेचं संघराज्य होणार असेल तर आपल्या देशाचं स्वातंत्र्य लांबवायचीही त्यांची तयारी होती. सीमा उकरल्या तर घरोघरी युद्ध पेटेल, ही त्यांची भीती मला खोटी वाटत नाही.

आणखी एक गोष्ट या सभांमध्ये फारशी बोलली जात नसे. माणसं पकडून किनाऱ्यापर्यंत चालवत आणणारे बरेचदा आफ्रिकी राजे आणि दलालच होते. बेनिनचे अध्यक्ष मॅथ्यू केरेकू यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली ती १९९९ मध्ये, तीही अमेरिकेत जाऊन.

सीमांची ती राखणही चालूच होती. १९६९ मध्ये घानाने परवाने नसलेल्या परक्यांना हाकललं, त्यात नायजेरियनच अधिक. १९८३ मध्ये तेलाचे भाव पडल्यावर नायजेरियाने दहा लाखांच्या आसपास घानावासीयांना बाहेर काढलं. त्यांनी संसार भरला त्या चौकड्यांच्या मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्यांना नायजेरियात अजून ‘घाना मस्ट गो’ म्हणतात. २०१६ मध्ये, त्या जुन्या संघटनेची जागा घेतलेल्या आफ्रिकन युनियनने अख्ख्या खंडासाठी एकच पासपोर्ट काढला. पहिले दोन मिळाले रवांडा आणि चाड यांच्या राष्ट्राध्यक्षांना, ज्यांना तसंही कुठल्या सीमेवर कुणी अडवत नव्हतं.