टाकी रिकामी करण्याची किंमत

प्रवासाला निघताना आपण तिकिटाचा, राहण्याचा, जेवणाचा हिशेब करतो. शरीरातून बाहेर पडणाऱ्या गोष्टींचा हिशेब सहसा कुणी करत नाही. परदेशात घरासारख्या गाड्या घेऊन हिंडणाऱ्यांना मात्र तो करावा लागतो, कारण संडासाची टाकी गाडीतच असते. ती भरली की ठरलेल्या जागी, बऱ्याचदा पैसे भरून, रिकामी करावी लागते. महाराष्ट्रानेही 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा हा खर्च आपल्याही यादीत येईल. तो किती असावा यापेक्षा मला वेगळाच प्रश्न पडतो : प्रवासी पुढे निघून जातो, तेव्हा त्याची घाण कुणाची होते?

आपल्याकडे याचं उत्तर दीर्घकाळ रेल्वेने दिलं. सोलापुरात रेल्वे 1860 मध्ये आली. पुढे डब्यांत संडास आले, पण त्यांना टाकी नव्हती. खाली नुसतं भोक होतं. गाडी स्टेशनात उभी असताना वापर करू नये, ही पाटी आपण सगळ्यांनी वाचली आहे. तिचा अर्थ इतकाच, की फलाटासमोर नको, पुढे कुठेतरी पडू दे. त्या ‘पुढे कुठेतरी’ गँगमन रूळ तपासत चालत असे. प्रवाशाला सगळं फुकट पडत होतं, कारण बिल गँगमनच्या वाट्याला जात होतं. 2011 पासून जैवशौचालयं बसू लागली, तेव्हा कुठे हा खर्च रेल्वेच्या हिशेबात आला.

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न दर आषाढीला उभा राहतो. पंढरपूर लाखभर वस्तीचं गाव. एकादशीला तिथे दहा लाखांच्या घरात माणसं येतात. माणशी दिवसाला सव्वाशे ग्रॅम मळ धरला, तर एका दिवसाचे सव्वाशे टन होतात, लघवी वेगळीच. त्यासाठी पालखीमार्गावर आणि गावात फिरती शौचालयं उभारली जातात. दिंडी पहाटे पुढे जाते, भरलेल्या टाक्या मागे राहतात.

ज्याने वापरलं त्याने पैसे द्यावेत, हे तत्त्व ऐकायला न्याय्य वाटतं. पण शौचालयाच्या दारात पाच रुपये मागून बघा. पेरणी उरकून चालत आलेली बाई दिवसातून चार वेळा पाच रुपये देणार नाही. ती वाळवंटाकडे वळेल. तिचे पैसे वाचतील आणि त्याची किंमत चंद्रभागेत स्नानाला उतरणारा वारकरी मोजेल. दारात वसुली केल्याने खर्च संपत नाही, फक्त सरकतो. म्हणून इथे शौचालय फुकटच हवं असं मला वाटतं. ते पैसे एकट्या पंढरपूरकरांनी नव्हे, तर वारीला कधीही न जाणाऱ्यांसकट आपण सगळ्यांनी कररूपाने द्यायला हवेत.

मात्र पैसे दिले की सुटलो, असंही नाही. सोलापुरात आमच्या सोसायटीची टाकी उपसायची होती. दोन गाडीवाल्यांनी दर सांगितले; एकाचा पाचशे रुपयांनी कमी. त्याला मी विचारलं, “हे नेऊन टाकता कुठे?” तो म्हणाला, “मालक, तुमची टाकी रिकामी झाली म्हंजे बास की.” त्या पाचशे रुपयांत काय वगळलंय, ते मला कळलं. प्रक्रिया केंद्र लांब असतं, डिझेल महाग असतं, ओढा जवळ असतो. आम्ही जास्त दराची गाडी घेतली. तीही कोपऱ्यावरून वळेपर्यंतच दिसली.

वाई आणि सिन्नर नगरपरिषदांनी यावर साधी वाट काढली. दर तीन वर्षांनी, ठरलेल्या क्रमाने घरोघरच्या टाक्या उपसायच्या, मैला प्रक्रिया केंद्रात न्यायचा, आणि घरमालकाकडून दारात पैसे न घेता खर्च करांतून भागवायचा. घासाघीसच नसल्यावर ओढ्याकडे वळण्याचा मोह कमी होतो.

तरीही एक खर्च उरतो, तो अंगावर घेणाऱ्या माणसाचा. टाकीत किंवा गटारात माणसाला संरक्षणाशिवाय उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरवलं. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. ती वाढली हे योग्यच, पण ती मेल्यानंतरची रक्कम आहे. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितलं, तर ते ब्राह्मण म्हणून सरकारने नकार दिला, आणि त्यांना अन्नत्यागावर यावं लागलं. हे काम कुणी करायचं ते मजुरीने नव्हे, जन्माने ठरत होतं. आज उपसागाडीचा पाइप हातात धरणाऱ्याच्या घरी आधीच्या दोन पिढ्या काय काम करत होत्या, हे विचारलं तर बहुतेकदा तेच उत्तर मिळेल.

म्हणून प्रवाशाकडे, आणि त्याच्या वतीने पैसे भरणाऱ्या आपल्याकडेही, रकमेबरोबर थोडी चौकशी मागायला हवी. दर आषाढीला किती शौचालयं उभारली त्याचा आकडा छापून येतो. त्याच्या शेजारी त्या टाक्या कुठे रिकाम्या झाल्या, कुणी केल्या आणि त्यांना काय मजुरी मिळाली, हेही छापून यावं.