दारातली जागा

‘गर्दी’ हा शब्द आपण उच्चारतो तेव्हा त्यात स्वतःला क्वचितच धरतो. गर्दी म्हणजे इतर लोक. आपण केवळ तीत सापडलेले. माझ्या या समजुतीला धक्का बसला तो २०१९ च्या एप्रिलमध्ये, टोकियोच्या तोझाई भुयारी मार्गावर.

मुलगा तेव्हा निशी-कासाईला राहत असे. तेथे भारतीयांची वस्ती मोठी आहे. एके दिवशी सकाळी आठच्या सुमारास मी एकटाच ओतेमाचीला निघालो. किबा ते मोन्झेन-नाकाचो हा या मार्गावरील सर्वांत दाटीचा टप्पा; त्या वर्षी सकाळच्या ऐन वेळी तेथे क्षमतेच्या १९९ टक्के प्रवासी असत. गर्दी मोजण्याची तेव्हाची जपानी रीत मोठी मार्मिक होती. १५० टक्के म्हणजे वर्तमानपत्र उघडून वाचता येते, १८० म्हणजे घडी घालून कसेबसे वाचता येते, २०० म्हणजे अंगाला अंग दाबले जाते तरी साप्ताहिक वाचता येते, आणि २५० म्हणजे हातही हलत नाही. माणसापाशी वाचण्यापुरते स्वातंत्र्य किती उरले, यावरून तेथे दाटी ठरत असे.

मी दारालगत दांडी धरून उभा होतो. मोन्झेन-नाकाचोला दार उघडले. ज्यांना तेथे उतरायचे नव्हते, तेही माझ्या आसपासचे सारे फलाटावर उतरून दाराच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. मी मात्र दांडी अधिकच घट्ट धरली. उतरलो की जागा गेली, हे इंदूरच्या सिटी बसमध्ये कमावलेले शहाणपण! माझ्या पाठीवरच्या पिशवीला अडून एक वृद्ध बाई तिरप्या होऊन कशाबशा बाहेर पडल्या. कोणी रागावले नाही, कोणी माझ्याकडे पाहिलेही नाही. मग बाजूला थांबलेले आधी चढले, रांगेतले त्यांच्यामागून आले. ज्याची जागा त्याला मिळाली. अडवून ठेवलेली जागा तेवढी माझी होती, आणि ती मला चोरीची वाटू लागली.

यावरून जपानी माणूस सज्जन आणि आपण असभ्य, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो खोटा ठरेल. त्याच शहरात गर्दीचा आडोसा घेऊन स्त्रियांच्या अंगाला हात लावणारे आहेत, म्हणून स्त्रियांसाठी वेगळे डबे ठेवावे लागतात. उलट मुंबईच्या लोकलमध्ये दारातून हात देऊन अनोळखी माणसाला आत ओढून घेणारे आणि तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकू देणारे आहेत. गर्दी माणसाला निनावी करते. त्या निनावीपणात तो भलेही करतो आणि बुरेही. मग फरक कशात? मला वाटते, विश्वासात. सोडलेली जागा परत मिळेल ही खात्री असेल, तरच सामान्य माणसाला सौजन्य परवडते. ती खात्री न देता सौजन्याची अपेक्षा करणे म्हणजे त्याच्यावर साधुत्वाची सक्ती करणे होय.

आणि ही खात्री देणे ज्यांचे काम, त्यांच्यात मी तीस वर्षे होतो. आमच्या कार्यालयाच्या व्हरांड्यात अर्जदार दाटीने उभे असत. ‘गर्दी करू नका’ असे मी कितीदा म्हटले असेल! एकदा दूरच्या खेड्यातला एक म्हातारा, नाव पुकारले तेव्हा, पाणी प्यायला गेला होता. परतला तोवर पुढचे नाव घेतले गेले होते. मी त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. नियमाने ते बरोबरच होते. परंतु व्हरांड्यातल्या प्रत्येकाने त्या दिवशी एक धडा घेतला, की तहान लागली तरी दार सोडू नये. पुढे तेच लोक रेटारेटी करू लागले, तेव्हा त्यांच्या बेशिस्तीवर मी सहकाऱ्यांपाशी तावातावाने बोललो होतो.

परदेशात ना माझी भाषा कोणाला कळत होती, ना हुद्दा. तेथे मी दारात अडलेला एक देह होतो, इतकेच. पुढच्या कायाबाचो स्थानकावर दार उघडले तेव्हा मीही उतरलो आणि बाजूला उभा राहिलो. मनात धाकधूक होती. पुन्हा चढलो, तर दांडीजवळची जागा तशीच मोकळी होती.

तो म्हातारा दुसऱ्या दिवशी आला होता की नाही, हे मात्र मला काही केल्या आठवत नाही.