प्रवाशाचें ऋण

प्रवासाचा आनंद निष्पाप असतो, असा आपणां सर्वांचा समज आहे. कोणाचें कांहीं न घेतां केवळ डोळ्यांनीं जेवढें लुटतां येईल तेवढें लुटावें. यांत कोणाचें काय बिघडलें? गेल्या श्रावणांत मुळशीकडे सायकलीवर घालविलेल्या एका दिवसानें माझा हा समज डळमळीत केला.

पहाटे पुणें सोडलें. पौडपर्यंत पाऊस रिमझिम होता. पुढें ताम्हिणीच्या बाजूस लागलों तसा त्यानें जो जोर धरला, तो संध्याकाळपर्यंत सोडला नाहीं. सुटीच्या दिवशीं गजबजणारा हमरस्ता सोडून मी धरणाच्या कडेची एक आडवाट धरली. खचलेली मोरी, शेवाळलेलीं जोतीं, कुलपें लागलेलीं घरें, आणि दूरवर माणसाचा आवाज नाहीं! मन कसें भरून आलें. दुपारीं मागचें चाक पंक्चर झालें म्हणून एका पडवीचा आश्रय घेतला. घरांत म्हातारी एकटीच होती. मुलें पुण्यास कामाला गेलेलीं. दोन दिवसांपासून वीज नव्हती. तिनें दिलेला कोरा चहा घेतां घेतां मी म्हणालों, “आजी, गांव किती सुंदर आहे तुमचें!” ती हसून म्हणाली, “चैतांत या, बाबा. हंडा घेऊन कुठवर चालावं लागतं तें बघा, मग सांगा.”

समोर अथांग पाणी पसरलें होतें! याच खोऱ्यांतील शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं आपल्या जमिनींसाठीं सत्याग्रह केला. याच लढ्यानें पां. म. बापटांना ‘सेनापती’ हें नांव दिलें. १९२४ पर्यंत लढा मावळला, जमिनी बुडाल्या, आणि तें पाणी आजहि सह्याद्रीच्या पायथ्याशीं भिऱ्यास उतरून मुंबईसाठीं वीज निर्माण करतें.

परततांना पाऊस तोच होता, देखावाहि तोच होता; पाहणारा मात्र बदलला होता. ज्याला मी शांतता म्हणत होतों, तें तरुणांचें गांव सोडून जाणें होतें. ज्याला रमणीयता म्हणत होतों, ती वर्षानुवर्षें न झालेली डागडुजी होती. मग अशा ठिकाणीं आनंद मानूंच नये काय? मला तसें वाटत नाहीं. मीं डोळे मिटल्यानें म्हातारीचा हंडा हलका होणार नाहीं. आणि ते डोंगर, ते ढग कांहीं खोटे नव्हते. दोष आनंदांत नाहीं. तो फुकट मिळाला असें मानण्यांत आहे.

निघतांना मीं चहाचे पैसे पुढें केले. तिनें ते घेतले नाहींत. घेतले असते, तर मी सुखानें मोकळा झालों असतों.

चैत्रांत पुन्हा जावयाचें ठरविलें आहे. तेव्हां तिकडे धबधबे नसतील. पण तिच्या पाण्याची वाट मला एकदां चालून पाहावयाची आहे.