न मागितलेलं घर

दोनशे लिटर समुद्राचं पाणी २०५ किलोच्या आसपास भरतं. काच, खडक, वाळू धरली तर घरगुती मत्स्यालयाच्या स्टँडवर याहून बराच जास्त भार येतो. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावात चौकोनी पाइप कापून असा स्टँड वेल्डिंग करून देणारा कारागीर मिळणं कठीण नाही. कठीण प्रश्न वेगळा आहे: ज्या माशाने हे घर मागितलंच नाही, त्याचं माणूस काय देणं लागतो?

अहिंसेचा काटेकोर अर्थ घेणारे म्हणतील, पाळूच नका. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण शोभेचे बहुतेक सागरी मासे आजही प्रवाळखडकांतून पकडूनच आणले जातात. समुद्रघोड्याला तर २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. तो घरी आणणं गुन्हाच. क्लाउनफिश मात्र हॅचरीत वाढवता येतो, आणि निवड करायचीच तर तिथून करावी.

पण जैन आचारात वस्तू उचलता-ठेवतानाची सावधगिरीही अहिंसेतच मोजतात. मासा पाळायचाच ठरला तर ती सावधगिरी संपमध्ये, म्हणजे मत्स्यालयाखालच्या दुसऱ्या टाकीत, दिसते.

वीज गेली की पंप थांबतो आणि वरच्या टाकीतलं पाणी खाली उतरत राहतं. म्हणून संप काठोकाठ भरायचा नसतो. उतरणाऱ्या पाण्याइतकी जागा मोकळी ठेवावी लागते. संपमधून पाणी वर नेणाऱ्या परतीच्या नळीला वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीलगत छोटं छिद्र पाडलं की हवा शिरून सायफन तुटतो. त्या छिद्रात शेवाळ साचतं, ते नेमाने साफ करावं लागतं. बॅटरीवरचा हवेचा पंपही आधीच घेऊन ठेवायला हवा, मासा त्यानंतर.