सोंग आणि सत्य



व्यसनातून सावरणाऱ्या माणसांना नाटकात काम द्यावे, असे कुणी सुचवले की आपल्यातील काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. "इतकी वर्षे घरी नाटकेच केली, आता आणखी कसली नाटके?" बोलणे थट्टेचे असले तरी प्रश्न गंभीर आहे. ज्याला खोटेपणा सोडायचा आहे, त्याने सोंग का घ्यावे?

शुभवर्तमानात प्रभू येशू परुश्यांना 'ढोंगी' म्हणतो. तेथील मूळ ग्रीक शब्दाचा एक अर्थ 'नट' असाच आहे. प्लेटोलाही नाटकाची धास्ती होती. वाईटाची नक्कल करता करता माणूस वाईट होतो, असे तो मानी. त्याचा शिष्य अ‍ॅरिस्टॉटल याने दुसरी बाजू मांडली : धैर्याची कृत्ये करत राहिल्यानेच माणूस धैर्यवान होतो. म्हणजे गुरू-शिष्य एका गोष्टीवर सहमत आहेत. जे आपण वारंवार करतो, ते आपल्यात मुरते.

मग ढोंगी आणि नट यांत फरक कोणता? ढोंग्याचे सोंग समोरच्याला ठाऊक नसते. नटाचे ठाऊक असते. "ओव्हरटाइम होता", "पाकीट मारले गेले", "उद्यापासून बंद" ही वाक्ये व्यसनी माणूस घरात बोलतो तेव्हा ती फसवणूक असते. तीच वाक्ये तो सोबत्यांसमोर, नाटक म्हणून, उघडपणे बोलतो तेव्हा ती कबुलीच्या जवळ जातात.

याकोब मोरेनो या डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मनोनाट्याची पद्धत घडवली. तिच्यात भूमिकांची अदलाबदल होते. नवऱ्याला बायकोची भूमिका मिळते : ताट झाकून, दाराकडे कान लावून बसलेली बायको. तिचे शब्द स्वतःच्या तोंडून निघाले की तिचे दुःख निराळे कळते. नकाराचीही तालीम करता येते. पगाराचा दिवस, तारापूरच्या कारखान्याचे गेट आणि मित्राची हाक, "चल रे, थोडीच घेऊ." तेथे 'नको' म्हणणे जड जाते. दहा वेळा तालमीत म्हटलेले 'नको' अकराव्या वेळी जिभेवर लवकर येते. लंडनमध्ये १९९९ साली फिल फॉक्स या व्यसनातून सावरलेल्या रंगकर्मीने अशाच माणसांसाठी नाट्यसंस्था उभी केली.

नाटक हे औषध मात्र नव्हे. पुष्कळ वर्षे पिणाऱ्याने दारू एकदम सोडली तर थरकाप, फिट, भ्रम होऊ शकतो. तेथे डॉक्टरच हवा. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण, किंवा त्याआधी १९८१ साली फादर ज्यो परेरा यांनी वांद्रे येथे सुरू केलेले कृपा फाउंडेशन, अशा ठिकाणी उपचार, समुपदेशन आणि सोबत हाच पाया असतो. नाटक त्याला हातभार लावते.

आणि प्रेक्षकांचे काय? राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील तळीरामाला आजही हशा मिळतो. पण त्यातला सुधाकर एकदा दारू सोडतो, कामासाठी ओळखीच्यांची दारे ठोठावतो आणि अपमान पदरी घेऊन पुन्हा प्याल्याकडे वळतो, हे आपण विसरतो. त्याने नवी भूमिका मागितली. समाजाने जुनीच त्याच्या गळ्यात घातली.

कुंभवलीत आणि आसपासच्या पाड्यांवर असे सुधाकर आहेत. सणाच्या नाटुकल्यात दारुड्याची भूमिका हसण्यासाठी ठेवू नये, असे आम्हांला वाटते. सावरणाऱ्या कुणालाही आपली कथा सर्वांपुढे मांडायची सक्ती नसावी. ती आधी विश्वासातल्या लहान गटातच राहावी. पण त्याची इच्छा असेल तर त्याला मेंढपाळाचे, राजाचे, बापाचे काम द्यावे. तालमीला तो वेळेवर आला तर तसे त्याला सांगावे. आणि पुन्हा घसरला, तर त्याची जागा लगेच दुसऱ्याला देऊ नये. निरोप पाठवावा : तालीम उद्याही आहे.