अडखळणाऱ्या वाचनाला कान द्या

मिरजगावच्या एसटी स्टँडवर पहिली-दुसरीतलं पोर गाडीची पाटी वाचायला लागतं, तेव्हा ‘करमाळा’ सहज जमतं. ‘कर्जत’पाशी ते थांबतं. डोळ्याला आधी क दिसतो, मग ज, आणि रफार बसलेला असतो ज च्या डोक्यावर. बोलताना मात्र तो ज च्या आधी यायला हवा. पोर मनात जुळवाजुळव करत असतं, तेवढ्यात हात धरलेला मोठा माणूस म्हणतो, “कर्जत हाय ते. चल लवकर.” स्टँडवर हे ठीकच आहे, गाडी कुणासाठी थांबत नाही. पण हीच घाई आपण रात्री घरी, जेवणं उरकल्यावरही करतो. पोराला शब्द सापडायच्या आत तो आपण सांगून मोकळे होतो.

आपल्याला घडाघडा वाचन आवडतं. पाहुणे आले की लेकराला पुढं बोलावून “वाचून दाखव रे” म्हणायचं, आणि त्यानं पान न अडखळता म्हटलं की सगळ्यांनी कौतुक करायचं. त्याच पानावरच्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून बघा. पुष्कळदा पोर पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणायला लागतं, कारण पान पाठ झालेलं असतं, वाचलेलं नसतं. ते सुरेख म्हणणं आपल्या अभिमानासाठी असतं. लेकराच्या उपयोगाचं असतं ते दुसरं, हळू, चुकतमाकत, कंटाळवाणं वाचन. ते ऐकायला घरात कुणाला सवड नसते, आणि त्यातही चुलतभावाशी तुलना झाली की मूल मोठ्यानं वाचणंच बंद करतं.

हे वाचन हळू का होतं, तेही समजून घ्यावं. आपली व्यंजनं ३४. प्रत्येकाची १२ रूपांची बाराखडी धरली तर ४०० च्या वर आकार होतात, जोडाक्षरं वेगळीच. घ आणि ध, भ आणि म डोळ्यांना फसवतात. एकेक अक्षर लावत मूल वाक्याच्या शेवटाला पोचतं तोवर सुरुवात विसरलेलं असतं. म्हणून तीच ओळ दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचावी लागते. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २३.४ टक्के होती. २०२२ मध्ये ती १६.३ टक्के होती. ही पाहणी मुलांच्या घरी जाऊन होते. कार्यकर्ता मुलापुढं अक्षरं, शब्द, उतारा आणि गोष्ट ठेवतो आणि ऐकत बसतो. बाहेरून आलेला माणूस जेवढं शांतपणे ऐकतो, तेवढं आपण घरचे रोज ऐकतो का, हा प्रश्न मला टोचतो.

“आमाला काय वाचाय येतंय? साळा हाय की त्याला,” हे वाक्य आपल्या भागात घरोघर ऐकू येतं. बोलणाऱ्याचा संकोच खरा असतो. पण ऐकायला अक्षरओळख लागत नाही. समजा, नातू वाचतोय: “शेतकऱ्याने बैलाला चार घातला.” आजीला पुस्तकातलं एक अक्षर कळत नाही, पण जन्म गुरांत गेलेला. ती विचारणारच, “बैलाला चार काय रं?” नातू पुन्हा पानाकडं बघतो आणि र च्या पुढचा काना त्याला दिसतो. चारा! चूक त्याची त्यानंच सुधारली. अर्थ लागत नसेल तर मागं जाऊन बघायचं, ही वाचनातली फार मोठी गोष्ट त्याला न वाचणाऱ्या आजीनं शिकवली. तिनं फक्त मन लावून ऐकलं होतं आणि त्याचा अपमान केला नव्हता.

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे या गावी ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकारानं आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगडी नेसून साठीच्या पुढच्या आज्या पाटी-दप्तर घेऊन जाऊ लागल्या, आणि घरी त्यांचा अभ्यास नातवंडं घेऊ लागली. अक्षर अडतं तेव्हा थांबून राहणं म्हणजे काय, हे तिथं दोन्ही पिढ्यांना एकमेकांकडून कळलं असेल.

राज्यात २०२२ साली ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान झालं, गावोगावी मातांचे गट बनले. चांगलंच झालं. पण सगळा भार पुन्हा आईवरच पडला, हेही म्हटलं पाहिजे. शेतातून येऊन चूल, धारा, भांडी तिनंच करायची आणि वाचनही तिनंच घ्यायचं? पारावर गप्पांना वेळ असलेल्या बापानं मोबाइल खिशात ठेवून पंधरा मिनिटं पोराजवळ बसावं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची गोष्ट वेगळी. कोपीवर दमून आलेल्या आईबापांना उपदेश करायचा अधिकार मला नाही. तिथं निदान लेकराच्या पिशवीत पुस्तक असेल, एवढं गावानं बघावं.

आणि पुस्तक येणार कुठून? ज्याच्याकडं फोन आहे त्याला बालभारतीच्या संकेतस्थळावर १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’चे जुने अंक फुकट वाचता येतात. पण लहान पोराला पान उलटायला हवं, बोट फिरवायला हवं. पुष्कळ शाळांत चांगली चित्रांची पुस्तकं कपाटात कुलूपबंद असतात, कारण फाटलं किंवा हरवलं तर हिशेब गुरुजींनाच द्यावा लागतो. ही भीती काढणं शाळा व्यवस्थापन समितीच्या हातात आहे, आणि त्या समितीत पालकच बहुसंख्य असतात. पुढच्या बैठकीत त्यांनी एक ठराव मांडावा: पुस्तकं घरी जातील, वर्षाकाठी काही फाटतील, आणि त्याची भरपाई गुरुजींकडूनही मागायची नाही, लेकराच्या घरूनही नाही.