कोयत्याआधी पाटी

धम्मबंधू-भगिनींनो,

दिवाळी जवळ आली की कडा परिसरातली, आष्टी तालुक्यातली किती घरे कुलूपबंद होतात, हे आपण जाणता. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता ठरतो आणि ऊसतोडीला निघतो. मागोमाग पोरेही जातात. हजेरीपटावर नाव राहते, पोर मात्र उसाच्या फडात असते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेली धम्मदीक्षा केवळ तसबिरी बदलण्यासाठी नव्हती. या धम्माच्या मुळाशी प्रज्ञा, करुणा आणि समता आहे. शिक्षणावाचून प्रज्ञा कशी वाढेल? म्हणून तर धम्मदीक्षेच्याही आधी, १९५० साली, त्यांनी मराठवाड्यासाठी तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले.

आपण नव्याने धम्मात आलात, पंचशील घेतलेत. आता एवढे करा. जे गावात राहतात त्यांनी फडावर निघालेल्यांची मुले ठेवून घ्यावीत. धाकट्याला सांभाळायला म्हणून जिला नेतात, त्या मुलीला आधी ठेवावे. भाकरी वाटून खावी. संध्याकाळी विहारात सर्वांना अभ्यासाला बसवावे. आईबापांनीही उचल घेण्याआधी मुलांच्या शाळेचा विचार करावा. हेच दान, हीच करुणा. एकट्याला जे झेपत नाही, ते संघाला झेपते.

२०२२ साली कड्याला रेल्वे आली. त्या गाडीने आपले पोर पुस्तके घेऊन शिकायला जावे, हा संकल्प करू या.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!